मुलीला एपी केमिस्ट्रीत २ मिळाला, आता कॉलेजच्या अर्जाचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमेरिकेत बरीच वर्षं राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. मुलगी अकरावी संपवून बारावीत जाते आहे, बायोमेडिकल इंजिनीअरिंग करायचं तिच्या मनात आहे. जुलैत एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या तोडीच्या (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) विषयांच्या परीक्षांचे, निकाल आले. स्कोअर १ ते ५ मध्ये असतो. कॅल्क्युलस बीसी ५, इंग्लिश लँग्वेज ४, यूएस हिस्टरी ३ आणि केमिस्ट्री २. वर्गात मात्र केमिस्ट्रीला तिला ए-मायनस आहे. निकाल बघून तिने लॅपटॉप मिटला आणि तेव्हापासून हा विषय निघाला की ती उठून जाते. वडिलांचं म्हणणं असं, की पुढच्या मेमध्ये केमिस्ट्री परत द्यायची, बारावीत सहा एपी घ्यायचे आणि ऑर्केस्ट्रा सोडायचा. आईला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा २ कॉलेजांना कळणार का? तो रद्द करून टाकावा का? दाखवला नाही तर लपवल्यासारखं होईल का? त्यात मंडळाच्या पिकनिकला समजलं, की ओळखीतल्या एका मुलाला नऊच्या नऊ विषयांत ५ आहेत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘एका स्कोअरने तिचं सगळं अडायला नको, एवढंच वाटतं. यांचं १९९४ साली पीसीबीच्या दोन मार्कांनी मेडिकल हुकलं होतं.’

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. दोन मार्कांनी मेडिकल हुकलेल्या माणसाची मुलीच्या २ ने झोप उडाली, याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे तेव्हा बारावीचे मार्क म्हणजेच प्रवेश. बोर्डावर यादी लागायची, एका नावाखाली ती संपायची, आणि त्याखालच्याला कोणी विचारत नसे की बाळा, वर्षभर तू काय केलंस. ती यादी ज्यांनी बोट फिरवून वाचली आहे, ते पुढे कुठलाही स्कोअर त्याच नजरेने वाचतात. इथे आले तेव्हा मीही तसाच वाचायचे. पुढे एका पब्लिक हायस्कूलमध्ये अठरा वर्षं केमिस्ट्री शिकवली, त्यातली बरीचशी एपी, आणि दर जुलैला तुमच्यासारख्या आयांचे ईमेल वाचले. म्हणून आधी हे सांगते, की इथे एपीच्या स्कोअरवरून मेरिट लिस्ट लागत नाही.

हा स्कोअर मुळात प्रवेशासाठी बनवलेलाच नव्हता. १९५५ साली कॉलेज बोर्डाने, म्हणजे एपीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, हा कार्यक्रम हाती घेतला तो एवढ्यासाठी, की हायस्कूलमध्येच कॉलेजच्या तोडीचं शिकलेल्या मुलांना तेच पुन्हा पहिल्या वर्षात शिकावं लागू नये. १ ते ५ या आकड्यांचे अर्थही तसेच आहेत. ५ म्हणजे कॉलेजचं क्रेडिट मिळायला अत्यंत पात्र, ३ म्हणजे पात्र, २ म्हणजे कदाचित पात्र. तुमच्या लेकीच्या २ चा कॉलेज बोर्डाच्या भाषेत एवढाच अर्थ आहे, की हिला पहिल्या वर्षाची केमिस्ट्री माफ करावी की नाही, याबद्दल शंका आहे. ‘ही इंजिनीअर होण्याच्या लायकीची नाही’ हा अर्थ घरात लावला गेला आहे.

मग प्रवेश देणारे एपीचं काय बघतात? मुख्यतः दोन गोष्टी: कोर्स घेतला का, आणि वर्गात ग्रेड काय आली. अमेरिकेतल्या प्रवेश अधिकाऱ्यांच्या आणि काउन्सेलरांच्या संघटनेची, म्हणजे नॅकॅकची, सर्वेक्षणं वर्षानुवर्षं हेच सांगतात. वर्गातल्या ग्रेड आणि विषयांची कठीण पातळी सर्वांत वर, एपी परीक्षेचे स्कोअर पुष्कळ खाली. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जावर, शाळेचा काउन्सेलर एक अहवाल भरतो. त्यात एक प्रश्न असा असतो, की तुमच्या शाळेत जे विषय मिळू शकतात त्यांच्या मानाने या विद्यार्थ्याने घेतलेले विषय किती अवघड आहेत? उत्तराला पाच चौकटी. त्यातली ‘सर्वांत अवघड’ ही चौकट तुमच्या मुलीच्या नावापुढे पडावी म्हणून तिने जे करायचं होतं, ते तिने अकरावीत केलेलं आहे. चार एपी विषय घेतले, त्यात बीसी आणि केमिस्ट्री. शिवाय त्या अहवालासोबत शाळेचं प्रोफाइल जातं, त्यात शाळा किती एपी शिकवते हे दिलेलं असतं. म्हणजे तिला मोजायचं ते तिच्याच शाळेच्या पट्टीने. २०१८ मध्ये वॉशिंग्टन डी.सी. भागातल्या सिडवेल फ्रेंड्ससह आठ खासगी शाळांनी एपी कोर्स बंद करत असल्याचं एकत्र जाहीर केलं. नामवंत शाळा असं पाऊल उचलू शकल्या, कारण जे शाळा शिकवतच नाही ते मुलाने का घेतलं नाही, असा जाब कॉलेज विचारत नाही. पिकनिकला भेटलेला मुलगा दुसऱ्या शाळेत असेल तर त्याचे नऊ आणि तुमचे चार शेजारी ठेवून कोणी बघणार नाही. तुमच्या पत्रात त्याच्यावर चार ओळी आहेत आणि मुलीला पाचवीपासून आवडणाऱ्या व्हायोलिनवर एक. मी हे दोष म्हणून लिहीत नाही, पण तुम्ही ते एकदा स्वतः वाचून बघा.

स्कोअरला काही किंमतच नाही असंही मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. चांगला स्कोअर वर्गातल्या ए ची खात्री पटवतो. ज्या शाळांत सगळ्यांनाच ए मिळतो, तिथल्या मुलाला तर जास्तच. काही ठिकाणी त्याला औपचारिक जागाही आहे. येलने २०२४ मध्ये जाहीर केलं, की एसएटी-एसीटी या प्रवेशासाठीच्या परीक्षांच्या जागी एपी किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) चे स्कोअर चालतील. मात्र एपीची वाट धरली तर तोवर दिलेल्या सगळ्या एपी परीक्षांचे स्कोअर दाखवायचे, निवडून नाही. तुमच्या मुलीने अशा ठिकाणी अर्ज करायचं ठरवलं तर तिने एसएटीची वाट धरावी, २ चा प्रश्नच उरत नाही. आणि ही धोरणं बदलत असतात. ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेजच्या प्रवेशाच्या पानावर त्या वर्षीचा मजकूर स्वतः वाचायचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला नाही.

आता तुमचे प्रश्न.

२ कॉलेजांना कळणार का? कॉमन ॲपमध्ये एपीचे स्कोअर विद्यार्थी स्वतः भरतो आणि कोणते भरायचे हे तोच ठरवतो. ५, ४ आणि ३ भरा. ३ बद्दल कचरत असाल तर माझं मत असं, की इंजिनीअरिंगच्या मुलीचा हिस्टरीचा ३ दाखवला काय आणि नाही काय, फरक पडत नाही. दाखवायचा की नाही ते तिलाच ठरवू दे. एक गोष्ट मात्र आधी तपासा. काही शाळा एपीचे स्कोअर ट्रान्सक्रिप्टवरच, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावरच, छापतात. तुमची शाळा तसं करत असेल तर निवड तुमच्या हातात राहत नाही. काउन्सेलरला एका ओळीचा ईमेल टाका, दोन दिवसांत उत्तर येईल.

लपवल्यासारखं होईल का? हा प्रश्न तुम्ही विचारलात ते मला मनापासून आवडलं, कारण अनेक जण तो विचारतही नाहीत. अर्ज जेव्हा सगळे स्कोअर मागतो तेव्हा सगळे द्यायचे, तिथे गाळणं म्हणजे खोटं बोलणं. अर्ज जेव्हा ‘तुम्हाला सांगायचे असतील ते सांगा’ म्हणतो, तेव्हा न सांगणं हे त्याच्या नियमातलंच आहे. वाचणाऱ्याला ट्रान्सक्रिप्टवर एपी केमिस्ट्री दिसेल, स्कोअर दिसणार नाही, तो कदाचित अंदाज बांधेल. फार चुरशीच्या कॉलेजात, त्यातही सायन्सच्या मुलीबाबत, त्या अंदाजाचं थोडंसं वजन पडू शकतं. पण त्याच पानावर बीसीचा ५ आहे, वर्गातला ए-मायनस आहे, शिक्षकांचं पत्र आहे. केमिस्ट्रीच्या शिक्षकांशी तिचं चांगलं असेल तर शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यावं असं मी सुचवेन. लॅबमध्ये ती कशी काम करते, अडलं की काय करते, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही, आणि तीन तासांच्या परीक्षेला ते दिसलेलंही नसतं.

रद्द करावा का? नको. रद्द केलेला स्कोअर कायमचा जातो, पुन्हा मिळत नाही. पुढे प्रवेश झाल्यावर क्रेडिटसाठी कॉलेज बोर्डाकडून अधिकृत रिपोर्ट पाठवाल, तेव्हा त्यात सगळे स्कोअर जातील, २ सुद्धा. पण तेव्हा तो बघणारी व्यक्ती प्रवेश खात्यातली नसते. रजिस्ट्रारच्या ऑफिसात कोणीतरी तक्ता समोर ठेवून बीसीच्या ५ ला किती क्रेडिट ते टिपत असते, २ वरून तिची नजर सरळ पुढे जाते. तरीही एखाद्या कॉलेजला तो जाऊच नये असं वाटलं तर दहा डॉलर भरून त्या कॉलेजपुरता तो रोखता येतो. परीक्षेच्या वेळी फुकट रिपोर्टसाठी एखादं कॉलेज निवडलं असेल तर तिथे तो गेलाही असेल. त्याने काही बिघडत नाही.

आणि परत परीक्षा? ताई, इथे कॅलेंडर उघडा आणि तुमच्या यजमानांना शेजारी बसवा. अर्लीचे अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला जातात, रेग्युलरचे साधारण १ जानेवारीपर्यंत. मार्चअखेर बहुतेक निर्णय हातात येतात. १ मे ही होकार कळवायची नेहमीची तारीख. एपीच्या परीक्षा मे महिन्यात आणि निकाल जुलैत. म्हणजे बारावीत दिलेल्या कोणत्याही एपी परीक्षेचा स्कोअर येतो तोवर मुलीचं कॉलेज ठरून दोन महिने झालेले असतात. पुन्हा दिलेल्या केमिस्ट्रीत ५ आला तरी तो कोणत्याही प्रवेश समितीपुढे जाणार नाही. दहा महिने एका परीक्षेचं ओझं वाहायचं आणि ज्यासाठी वाहिलं ते आधीच होऊन गेलेलं. मग उरतो क्रेडिटचा प्रश्न, आणि तिथे प्रत्येक कॉलेजचा हिशोब वेगळा. एमआयटी बीसीच्या ५ ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, केमिस्ट्रीच्या ५ ला देत नाही. कॅलटेक आणि ब्राउन एपीवर पदवीची क्रेडिट देत नाहीत. उलट कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं ३ पासून देतात, आणि इलिनॉय, टेक्सससारख्या राज्यांत सरकारी विद्यापीठांनी ३ ला क्रेडिट द्यावं असा कायदाच आहे. तेव्हा हिस्टरीच्या ज्या ३ कडे घरात कोणी बघितलंही नसेल, तो राज्याच्या विद्यापीठात तिचा एक अख्खा कोर्स आणि तुमचे बरेच डॉलर वाचवू शकतो.

केमिस्ट्रीचं क्रेडिट मिळालं असतं तरी मी तिला ते वापरू नको म्हटलं असतं. बायोमेडिकलवाल्यांना पुढे ऑरगॅनिक येते, बायोकेमिस्ट्री येते. पाया कच्चा ठेवून वरच्या वर्गात बसलेली मुलं मी पाहिली आहेत, पहिल्या ऑक्टोबरातच रडकुंडीला येतात. मेडिकलचा विचार मनात असेल तर अनेक मेडिकल स्कूल एपीच्या क्रेडिटवर समाधान मानत नाहीत, कॉलेजातच केमिस्ट्री करायला लावतात. जनरल केमिस्ट्री तिने कॉलेजात नव्याने करावी हे या २ ने आत्ताच सांगितलं, एवढा त्याचा उपयोग आहे.

वर्गात ए-मायनस आणि परीक्षेत २ कसा, हे तुम्हाला सलत असणार. शाळेने ग्रेड फुकट वाटली, हा पहिला संशय. तसं असूही शकतं, पण मी ज्या वर्गात होते तिथलं कारण बहुतेकदा वेगळं असायचं. वर्गातली ग्रेड लॅब रिपोर्ट, गृहपाठ, चुका दुरुस्त करून परत दिलेल्या चाचण्या यांची मिळून बनते. परीक्षेत ६० बहुपर्यायी प्रश्नांना ९० मिनिटं, मग सात लेखी प्रश्नांना १०५ मिनिटं, आणि दोन्हीला निम्मे निम्मे गुण. एक मुलगी आठवते, अतिशय हुशार. सौम्य आम्लात पाणी घातलं तर समतोल कुठे सरकेल आणि का, असा प्रश्न. ती लिहायची ‘उजवीकडे, ल शातेलिएचा नियम’ आणि पुढच्या प्रश्नाला हात घालायची. उत्तर बरोबर, ‘का’ चा गुण शून्य. तपासणाऱ्याला हवं असतं की पाण्याने सगळ्यांची तीव्रता उतरली, म्हणून क्यू (आत्ताचं गुणोत्तर) आता के (समतोलाचं गुणोत्तर) पेक्षा कमी झाला, म्हणून अभिक्रिया पुढे जाईल. तिला हे येत होतं, मी फळ्यापाशी विचारलं की घडाघड सांगायची. कागदावर उतरवायची सवय नव्हती. अशी सात प्रश्नांतली ‘का’ गेली की ४ चा २ व्हायला वेळ लागत नाही.

तुमच्या मुलीचं असंच झालं का, मला माहीत नाही, आणि तिने नेमके कोणते प्रश्न चुकवले हे रिपोर्टवर दिसत नाही. पण जुने लेखी प्रश्न आणि गुण कसे दिले याची पत्रकं कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट आहेत. ती तयार असेल तर, फक्त तयार असेल तरच, एका शनिवारी एखादं वर्ष सोडवून स्वतःच तपासू दे. दोन तासांत कळेल की विषय कळलेला नाही की लिहिता येत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि दोन्ही कॉलेजपर्यंत आरामात होण्यासारखे आहेत.

बारावीत सहा एपींबद्दल मी ठामपणे नाही म्हणेन. काठिण्य दाखवण्यासाठी तीन, फार तर चार पुरे, त्यात एक फिजिक्सचा असावा कारण इंजिनीअरिंगला तो लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत काउन्सेलर मिड-इयर रिपोर्ट पाठवतो, शेवटी अंतिम ट्रान्सक्रिप्ट जातं. बारावीत ग्रेड खूप घसरल्या म्हणून दिलेला प्रवेश कॉलेजांनी काढून घेतल्याची उदाहरणं आहेत. सहा एपी, त्यात अर्ज, त्यात निबंध, आणि सप्टेंबर ते डिसेंबर याच चार महिन्यांत सगळं. न दाखवलेल्या २ पेक्षा ट्रान्सक्रिप्टवरचे दोन सी कितीतरी महाग पडतात. यूसीला अर्ज करणार असाल तर हेही ध्यानात घ्या, की त्यांच्या जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) एपीचे जादा गुण दहावी-अकरावीच्या कोर्सना मिळतात, तेही जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरते. बारावीच्या सहा एपींनी तो आकडा हलणार नाही. ऑर्केस्ट्रा राहू द्या. सात वर्षं एक वाद्य धरून ठेवणं ही अर्जातली भक्कम गोष्ट आहे. पण त्याहून मोठं कारण हे, की या वर्षात तिला मोकळा श्वास घ्यायला तीच एक जागा असेल.

ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनाही एवढं सांगते. एपी विषय निवडताना मुलाला ग्रेड टिकवता येईल का हे आधी बघा, संख्या नंतर. शाळेत एपी कमी असतील तर त्याचा दोष मुलाच्या माथी येत नाही. आवडीचा एखादा विषय त्याने स्वतः शिकून परीक्षा दिली आणि ५ आणला, तर ते मात्र नजरेत भरतं. मेच्या परीक्षांसाठी नावनोंदणी शाळेमार्फत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते, आणि एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास असते. बारावीत परीक्षा द्यायची की नाही, हे जिथे जायची शक्यता आहे त्या कॉलेजांचे क्रेडिटचे तक्ते बघून ठरवा. आणि मुलाला ब्रिटनला पाठवायचा विचार असेल तर वर लिहिलेलं बरंचसं लागू नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखी विद्यापीठं अमेरिकन मुलांकडून एपीत थेट ५ मागतात. तिथे यादीची रेघ खरोखर असते.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांना ‘तुम्ही उगाच घाबरता’ असं म्हणू नका. १९९४ ची गोष्ट त्यांनी मुलीला कधी पूर्ण सांगितली आहे का? माझा अंदाज आहे, नसेल. तिला फक्त बाबांचा आवाज चढलेला ऐकू येतो, त्यामागचा अठरा वर्षांचा मुलगा तिला माहीत नाही. त्यांनी ते एकदा तिला सांगावं, आणि सांगताना तिच्या निकालाशी जोडू नये. गाडीत सांगितलं तर बरं, समोरासमोर बसावं लागत नाही. तिने मध्ये काही विचारलं नाही तरी चालेल.

१ ऑगस्टला कॉमन ॲप नव्या वर्षासाठी उघडेल. त्यात टेस्टिंगचं पान येईल. ते तिला एकटीला भरू द्या. कोणते स्कोअर दाखवायचे ते ती तुम्हाला येऊन विचारेल किंवा विचारणार नाही. विचारलं तर वरचं सगळं सांगा.

तुमची,
सदरलेखिका